पत्ता आपला, वेस परक्याची

यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांची कहाणी या जिल्ह्यातील जुन्या पिढीला नव्याने सांगावी लागत नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावा, या हेतूने विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने हा मार्ग उभारला. पुढे देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले; परंतु ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीचे रूळ मात्र खाजगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी चालवणारी यंत्रणा सरकारची, प्रवासी येथील शेतकरी आणि मजूर, आणि रुळांच्या वापराचा मोबदला मात्र स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके कंपनीच्या खात्यात, असा हा व्यवहार होता. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली ही गाडी पुढे डिझेलवर आली आणि शेवटी थांबली. आपला माल ज्या मार्गाने जातो तो मार्ग कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न वेळीच विचारला नाही तर काय होते, याचा हा वस्तुपाठ जिल्ह्याच्या डोळ्यांसमोर आहे.

आज त्याच जिल्ह्यात दुसरे रूळ टाकले जात आहेत. ते जमिनीवर दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. यवतमाळच्या १६ तालुक्यांत पीककर्जाचा अर्ज असो, रोजगार हमीची मजुरी असो, निराधार योजनेचे अनुदान असो की बाळाच्या जन्माची नोंद असो, यांपैकी एकही गोष्ट संगणकाच्या तारेवाचून पुरी होत नाही. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस घेण्यासाठी ‘कपास किसान’ या मोबाइल अॅपवर नोंदणी मागितली. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली तेव्हा शेतकऱ्याला बैलगाडी घेऊन केंद्रावर जावे लागे. आता गाडीच्या आधी त्याचा अर्ज दूरच्या संगणकावर पोहोचावा लागतो. तेव्हा या नव्या रुळांची मालकी कोणाची, त्यांवरील नाक्यावर कोण बसले आहे आणि आपल्या संस्थांना त्या मार्गावर स्वतःचा पत्ता तरी आहे की नाही, हे प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

आधी वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला एक अंकी पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. टपालाच्या पाकिटावर जसा पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, तसेच येथेही. आज सर्वाधिक रुळलेल्या जुन्या पद्धतीत, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत. हे पत्ते आरंभी अमेरिकेतील विद्यापीठांना, लष्करी खात्यांना आणि बड्या कंपन्यांना सढळ हाताने वाटले गेले. जगातील एकूण पत्त्यांचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाटा आजही एकट्या अमेरिकेकडे आहे. आशिया आणि आफ्रिकेतील देश पंक्तीला बसले तोवर पातेल्याचा तळ दिसू लागला होता. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट विभागीय नोंदणी संस्थांना देण्यात आले आणि त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात आशिया-पॅसिफिक विभागात काटकसरीचे वाटप सुरू झाले. २०१९ पासून या विभागात नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळू शकतात.

आता दुसरी गोष्ट, सुरक्षेच्या वेशीची. पूर्वी बँक किंवा कचेरी स्वतःच्या इमारतीत फायरवॉल नावाचे यंत्र बसवीत असे आणि आपल्या दाराची राखण स्वतः करीत असे. अलीकडे ही राखण ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या बड्या कंपन्यांच्या संगणकगृहांत गेली आहे. संस्थेच्या प्रत्येक शाखेतून निघणारा संदेश प्रथम त्या कंपनीच्या वेशीवर जातो, तेथे तपासला जातो, आणि मगच पुढे जगात सोडला जातो. येणाऱ्या संदेशाचेही तेच. ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम देशोदेशी पळवली. सहकारी संस्थांवर असे घाले पडत असताना तालुक्याच्या पतसंस्थेने एका कुलपावर विसंबून राहावे, असा सल्ला कोणी देणार नाही. पहारेकरी हवाच. प्रश्न एवढाच की, पहारेकरी ठेवताना घराचा पत्ताही त्याच्या नावावर करून द्यायचा काय?

कारण नेमके तेच घडते. वेशीवर तपासलेला संदेश जेव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याच्यावर संस्थेचा पत्ता राहत नाही, वेस राखणाऱ्या कंपनीचा पत्ता पडतो. आणि तो पत्ताही एकट्या त्या संस्थेचा नसतो. त्या कंपनीच्या शेकडो, हजारो गिऱ्हाइकांचा तो सामाईक पत्ता असतो. समजा, पुसदच्या एखाद्या पतसंस्थेचा व्यवहार शिखर संस्थेच्या संगणकाशी चालतो. त्या संगणकावर मान्य पत्त्यांची एक यादी असते. यादीत नाव असेल तरच दार उघडते. पतसंस्थेने क्लाउडवरची वेस घेतल्याबरोबर तिचा पत्ता बदलतो आणि दार बंद होते. मग दोनच वाटा उरतात. त्या सामाईक पत्त्याला यादीत घ्यायचे, म्हणजे त्याच पत्त्यावरून येणाऱ्या अनोळखी हजारोंनाही दाराच्या पायरीपर्यंत आणून सोडायचे. नाही तर यादीच मोडीत काढायची. याखेरीज तिसरे संकट निराळेच. सामाईक पत्त्यावरच्या एका गिऱ्हाइकाने उपद्रव केला आणि तो पत्ता काळ्या यादीत गेला, की शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा पुसदच्या सभासदाला भोगावी लागते.

यावर उपाय निघाला आहे आणि तो आता नवखाही राहिलेला नाही. संस्थेने स्वतःच्या नावावर नोंदलेले पत्ते बरोबर घेऊन वेशीवर यायचे. राखण कंपनीने करायची, पण संदेश बाहेर पडताना त्यावर संस्थेचाच पत्ता राहील, अशी ही सोय आहे. अॅमेझॉनने आपल्या क्लाउडसाठी ती २०१८ साली खुली केली; पुढे गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही केली, आणि क्लाउडफ्लेअरसारख्या सुरक्षा-सेवा देणाऱ्या कंपन्याही ती देतात. तिची रीत सातबाऱ्याच्या व्यवहारासारखी आहे. पत्ते कोणाच्या नावावर आहेत हे नोंदणी संस्थेच्या दप्तरातून सिद्ध करावे लागते. ‘आमच्या पत्त्यांची दवंडी पिटण्यास अमुक कंपनीला मुभा आहे’ असे अधिकारपत्र द्यावे लागते, आणि त्याची स्वाक्षरीत नोंदही दप्तरात करावी लागते, म्हणजे जगभरचे मार्गदर्शक संगणक ती दवंडी खरी की खोटी हे पडताळून पाहू शकतात. सर्वांत महत्त्वाचे असे की, कंपनीशी बिनसले तर अधिकारपत्र मागे घेऊन तेच पत्ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येतात. शिखर संस्थेच्या यादीत बदल करावा लागत नाही, सभासदाचे काम अडत नाही आणि कंपनीला मनमानी करता येत नाही.

ही पडताळणी कागदी सोपस्कार नव्हे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांची खोटी दवंडी आपल्या जाळ्यात पिटली. ती चुकून बाहेर पसरली आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास दिसेनासे झाले. दुसऱ्याच्या जमिनीवर नांगर घालणारा गावगुंड आणि दुसऱ्याच्या पत्त्याची दवंडी पिटणारा यांत तत्त्वतः फरक नाही. सातबारा स्वच्छ असेल तरच दाद मागता येते.

मग अडचण कोठे आहे? जेथे ती नेहमी असते तेथेच, लहानाच्या दारात. पत्ता स्वतःचा असावा हे तत्त्व सर्वांना खुले आहे, पण त्याचे दार उंच आहे. जगाच्या मार्गव्यवस्थेत चौथ्या आवृत्तीच्या २५६ पत्त्यांपेक्षा लहान गटाची दवंडी सहसा ऐकूनच घेतली जात नाही. दहा शाखांच्या पतसंस्थेला पाच-दहा पत्ते पुरतात. २५६ पत्ते तिने कोठून आणावेत आणि कशासाठी अडवून ठेवावेत? म्हणजे ज्याच्याकडे मोठे शेत आहे त्याला स्वतःचा बांध, आणि ज्याच्याकडे गुंठा आहे त्याने कूळ व्हावे.

आणि येथे भाडे कोणाच्या मर्जीने ठरते तेही पाहण्यासारखे आहे. ज्या वर्षी जागतिक साठा संपला त्याच २०११ साली दिवाळे वाजलेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला विकत घेतले. सार्वजनिक हेतूने, विनामूल्य वाटलेली वस्तू बाजारात आली. २०१९ साली हौशी रेडिओ-चालकांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी सुमारे ४२ लाख पत्ते अॅमेझॉनने घेतले. हाच अॅमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या क्लाउडवरच्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागे दर तासाला अर्धा सेंट भाडे आकारू लागला. रक्कम किरकोळ वाटते. वर्षाचा हिशेब केला तर एका पत्त्याला सुमारे ४४ डॉलर होतात. म्हणजे २०११ साली एका पत्त्याची जी सरासरी विक्री-किंमत पडली होती, तिच्या जवळजवळ चौपट भाडे दर वर्षी! जो स्वतःचे पत्ते घेऊन येतो त्याला हे भाडे माफ. नांगर ज्याचा त्याला शेत, हे सूत्र येथे उलटे झाले आहे; शेत ज्याचे त्याला सवलत, आणि नांगर धरणाऱ्याने खंड भरायचा.

विदर्भातील कार्यकर्त्याला ही भाषा परकी नाही. १९५८ साली विदर्भासाठी स्वतंत्र कूळकायदा झाला तो याच विचाराने की, जो कसतो त्याला त्याच्या जमिनीवरून मालकाच्या लहरीने हुसकता येऊ नये. त्याआधीच्या काळात या भागात पडीत जमिनी इजाऱ्याने देण्याची पद्धत होती. नावाला ‘इजारा’ हा शब्द आजही चिकटलेली गावे यवतमाळ जिल्ह्यात आहेत. माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राबली आणि गावाला नाव मात्र मक्त्याचे पडले. नव्या युगात सहकारी संस्थांची ओळखही अशीच मक्त्याच्या नावाने लागावी, हे कोणत्याही विचारी माणसाला रुचणार नाही.

हे सारे दूरचे आणि काल्पनिक आहे, असे वाटत असेल तर ३१ जुलै २०२४ चा दिवस आठवावा. त्या दिवशी देशातील लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून त्या कंपनीला देयकांच्या व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. परिणाम असा झाला की सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यांत मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांचे, देयक-व्यवहार एकाच वेळी थांबले. महामंडळाने केले ते योग्यच होते आणि सेवा लवकरच पूर्ववत झाली. पण त्या घटनेचा अर्थ विसरता कामा नये. ३०० संस्था, ३०० संचालक मंडळे, लक्षावधी सभासद. आणि नाका एकच. नाका बंद झाला तेव्हा मोठ्या शहरातील मोठ्या बँकांचे व्यवहार सुरळीत चालू होते. खिडकीसमोर ताटकळले ते लहान गावांतील खातेदार. स्वतःचा पत्ता असता तर हा हल्ला टळला असता, असे म्हणता येणार नाही. परंतु पर्यायी मार्गाने तेच दार पुन्हा उघडण्याची क्षमता ज्याच्या हाती असते, तो इतका असहाय राहत नाही.

खुद्द यवतमाळ जिल्ह्याला तर याहून जवळचा धडा मिळाला आहे. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी हे दीड हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत त्या ग्रामपंचायतीच्या नावाने जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्रीय संगणक-व्यवस्थेत २७,००० हून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे उघडकीस आले. गावाचा ओळख-क्रमांक मुंबईशी जोडला गेल्याचे प्राथमिक चौकशीत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. गुन्हा नोंदवला गेला आणि विशेष तपास पथक नेमले गेले. दोषी कोण हे ठरवणे तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे. परंतु या प्रकरणाचा राजकीय लाभ उठवण्यासाठी जेवढी धावपळ झाली, तेवढी त्यातील मूळ प्रश्नाकडे झाली नाही. मूळ प्रश्न साधा आहे. गावाच्या नावाचा शिक्का गावाबाहेर कोणाच्याही हाती लागू शकतो आणि तो उमटत असताना ‘हा शिक्का कोठून उमटतो आहे’ हे विचारले जात नाही, अशी व्यवस्था गावाची म्हणता येईल काय? नाव आणि परवलीचा शब्द चोरता येतो. अर्ज कोणत्या पत्त्यावरून आला, हा त्यावरचा दुसरा पहारा असतो. पण हा दुसरा पहारा तेव्हाच उभा राहतो, जेव्हा ग्रामपंचायतीला, निदान तालुक्याला, ठरलेला आणि स्वतःचा पत्ता असतो. आज एका कंपनीचा, उद्या दुसऱ्या कंपनीचा, कधी कोणाच्या मोबाइलचा, असा ज्याचा पत्ता वाऱ्यावर आहे त्याची यादी कोण करणार?

तपासाच्या दृष्टीनेही हेच खरे. केंद्र सरकारच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने संस्थांना व्यवहारांची नोंदवही १८० दिवस जपून ठेवणे आणि घटनेची माहिती ६ तासांत कळवणे बंधनकारक केले. नोंदवहीत सामाईक पत्ता असेल तर त्यामागचा माणूस शोधण्यासाठी कंपनीच्या दप्तराचे उंबरठे झिजवावे लागतात. पत्ता संस्थेचा असेल तर शोध निदान संस्थेच्या दारापासून सुरू होतो. आणि निरपराध कर्मचाऱ्यावरचा संशयही तेथेच फिटू शकतो. ग्रामसेवक, डेटा ऑपरेटर यांच्यासारखे अल्प वेतनावर राबणारे कर्मचारी अशा प्रकरणांत सर्वांत आधी भरडले जातात, हे कामगार चळवळीने विसरू नये.

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, नव्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांचा तुटवडाच उरलेला नाही, मग जुन्या पत्त्यांसाठी झगडा कशाला? नवी आवृत्ती विपुल आहे आणि भारताने तिचा स्वीकार मोठ्या प्रमाणावर केला आहे, हे खरे. परंतु व्यवहारातील अनेक जुन्या यंत्रणा आणि त्यांच्या याद्या अजून चौथ्या आवृत्तीवरच चालतात. शिवाय विपुलतेने मालकीचा प्रश्न सुटत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या गटातून दिलेला पत्ता, मग तो कोणत्याही आवृत्तीचा असो, कंपनी बदलताच परत करावा लागतो. म्हणून नव्या आवृत्तीतही गट संस्थेच्या नावावर असावा, हीच मागणी राहते; आणि तेथे तुटवडा नसल्याने ती पुरी करणे सोपे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ठरलेला पत्ता म्हणजे चोरट्याला ठरलेले लक्ष्य. गर्दीत मिसळलेला माणूस सुरक्षित राहतो. यात तथ्य आहे. पण बँक किंवा ग्रामपंचायत या लपून राहणाऱ्या व्यक्ती नव्हेत. त्या उघड्या दाराच्या सार्वजनिक संस्था आहेत. त्यांचे संरक्षण अनामिकतेत नसून जागत्या पहाऱ्यात आहे, आणि स्वतःचे पत्ते घेऊन वेशीवर येण्याच्या पद्धतीत तो पहारा कायमच राहतो.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा नसून सावधगिरीचा आहे. पत्ता आपला झाला म्हणून वेस आपली होत नाही. संदेशाचे सील फोडून आतील मजकूर तपासण्याचा अधिकार वेशीवरच्या कंपनीला द्यावा लागतो. तिची संगणकगृहे कोठे आहेत, तिची नोंदवही कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते, तिचा एखादा चुकीचा आदेश किती दारे एकदम बंद करू शकतो, हे प्रश्न उरतातच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक ठप्प केले होते. पहारेकऱ्याचाच पाय घसरला तर घराचे काय होते ते त्या दिवशी दिसले. तेव्हा स्वतःचा पत्ता ही मुक्ती नव्हे. ती फक्त दाराबाहेर पडण्याची मोकळीक आहे. परंतु वाटाघाटीत जो उठून जाऊ शकतो त्याचेच ऐकले जाते, हे संप केलेल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे.

मग करावे काय? एकेका पतसंस्थेने, एकेका ग्रामपंचायतीने बाजारात जाऊन पत्ते विकत घ्यावेत, असा मार्ग सुचवणे म्हणजे भुकेल्याला धान्यबाजाराचा भाव सांगणे होय. सहकाराचा जन्मच अशा प्रश्नांसाठी झाला. ज्याला एकट्याला बियाणे परवडत नाही त्याने दहांबरोबर घ्यावे, हे तत्त्व पत्त्यांनाही लागू पडते. १९११ साली स्थापन झालेली राज्य सहकारी बँक आणि राज्यातील ३१ जिल्हा मध्यवर्ती बँका यांच्यासाठी एक सामाईक गट घेता येईल. नागरी सहकारी बँकांची २०२४ साली कार्यारंभ झालेली राष्ट्रीय छत्र-संस्था आपल्या सभासदांसाठी हेच करू शकेल. २५६ पत्ते एका पतसंस्थेला अवाढव्य आहेत. एका जिल्ह्यातील साऱ्या सहकारी संस्थांना मिळून ते बेताचेच ठरतील. प्रत्येकीला त्यातील ठरावीक, स्वतंत्र पत्ते द्यावेत. गटाची मालकी संघाकडे राहावी. राखणीची कंपनी निविदेने निवडावी आणि काम नीट न केल्यास बदलावी.

यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही. देशातील पत्त्यांचे वाटप करणारी नोंदणी संस्था, ‘इरिन’, ही २००३ साली स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या ना-नफा संस्थेचा भाग आहे. नावांच्या बाबतीत तर सार्वजनिक धोरणाचे उदाहरण समोरच आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणण्यास सांगितले, ते ग्राहकाला खरी बँक आणि बनावट बँक यांतला फरक कळावा म्हणून. जे नावाच्या बाबतीत सार्वजनिक हिताचे ठरले ते अंकाच्या बाबतीत खाजगी सोयीवर का सोडावे? नाव राखीव आणि पत्ता भाड्याचा, ही अर्धी सुधारणा आहे.

२९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या त्या योजनेतून एका सामाईक संगणक-व्यवस्थेत येत आहेत. हिशेब स्वच्छ व्हावा, बोगस कर्जे थांबावीत, यासाठी ही योजना स्वागतार्हच आहे. परंतु सोसायटीचे दप्तर गावातून उठून क्लाउडवर जात असताना, त्या दप्तरापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर सोसायटीचा काय हक्क राहील, हे आताच ठरवून घेतले पाहिजे. पाया भरला जात असतानाच दाराची जागा सांगायची असते; भिंत उभी राहिल्यावर नव्हे.

येथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. ताळेबंद वाचला जातो, लाभांश जाहीर होतो, चहा होतो आणि सभा संपते. त्या सभेत प्रत्येक सभासदाने तीन प्रश्न विचारावेत. आपली संस्था ज्या पत्त्यावरून व्यवहार करते तो पत्ता कोणाच्या नावावर नोंदलेला आहे? सेवा देणारी कंपनी बदलायची झाल्यास पत्ता, नोंदवही आणि सभासदांची माहिती परत मिळेल, असे करारात लिहिले आहे काय? आणि वेस बंद पडली तर दुसऱ्या वाटेने व्यवहार सुरू करण्याची तजवीज काय आहे? अध्यक्षांना उत्तर देता आले नाही तर त्यांना हसू नये; पुढील सभेपर्यंत उत्तर आणण्याचा ठराव मांडावा. ग्रामसभेतही हेच प्रश्न जन्म-मृत्यूच्या नोंदवहीबद्दल विचारता येतील. शेंदुरसनीनंतर ते विचारण्याचा अधिकार या जिल्ह्याइतका दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याला नाही.

हे प्रश्न विचारणाऱ्याला संगणकाचे शिक्षण लागत नाही. १९३० साली लोकनायक बापूजी अणे पुसदच्या राखीव जंगलात गवत कापण्यासाठी गेले तेव्हा त्यांच्यामागे निघालेल्या शेतकऱ्यांनीही वनशास्त्राचा अभ्यास केलेला नव्हता. रानातले गवत कोणाचे, एवढाच त्यांचा सवाल होता आणि तेवढा पुरेसा होता. आजचा सवालही तितकाच साधा आहे. खातेदार यवतमाळचा, ठेव यवतमाळची, घाम यवतमाळचा; तर मग पाकिटावरचा पत्ता दुसऱ्याचा का? शकुंतलेच्या रुळांबद्दल हा सवाल वेळेवर आणि पुरेशा जोराने विचारला गेला नाही. नव्या रुळांच्या बाबतीत ती चूक पुन्हा होऊ नये, ही जबाबदारी सभेत मागच्या रांगेत बसणाऱ्या प्रत्येक सभासदाची आहे.